शेतातील पाखरे आणि खिशातील फोन

पावशा 'पेरते व्हा' म्हणू लागला की तिफण दुरुस्तीस काढावी, अशी आपल्या वाडवडिलांची रीत होती. पाखरांची ती ओळख पिढीगणिक पुसट होत चालली आहे. महागाव तालुक्यातील तरुण शेतकऱ्यास कीटकनाशकांची दहा नावे तोंडपाठ असतात. परंतु तीच कीड फुकट वेचणाऱ्या पाखरांची चार नावे त्यास सांगता येतीलच असे नाही. ही उणीव खिशातील मोबाईलच्या साहाय्याने भरून काढता येते, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र संस्थेने 'मर्लिन' नावाचे अ‍ॅप विनामूल्य उपलब्ध केले आहे. पाखराचा आकार, रंग व बसण्याची जागा सांगितली असता ते संभाव्य जाती चित्रांसह दाखविते. आवाज ऐकविल्यासही नाव सुचविते. भारतीय पक्ष्यांचा संच घरी एकदा उतरवून घेतला म्हणजे रेंज नसलेल्या शिवारातही काम अडत नाही.

मात्र फोनच्या शब्दावर सर्वस्वी विसंबू नये. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा फोनने नाव सांगितले तरी पाखरू डोळ्यांनी पाहूनच खात्री करावी. विणीच्या दिवसांत फोनवर आवाज वाजवून पाखरांस बोलावणे तर कटाक्षाने टाळावे.

पाहिलेल्या पाखरांची संख्या २००२ साली सुरू झालेल्या 'ई-बर्ड'वर नोंदविता येते. अशाच ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातील ९४२ जातींच्या स्थितीचा अहवाल सिद्ध झाला. दसऱ्यास ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तो नीलकंठही घटत असल्याचे त्यावरून कळले.

या ओळखीचा शेतीस उपयोग काय, असे कोणी विचारील. पोपट दाणा खातो हे खरे. परंतु कोतवाल, साळुंकी व बगळा हे हरभऱ्यावरील घाटेअळी टिपतात. म्हणूनच हेक्टरी सुमारे २० पक्षीथांबे उभारावेत, अशी शिफारस केली जाते. थांब्यांवर कोण बसते हे ओळखता आले, तरच मित्र कोण व चोर कोण याचा निवाडा करता येईल.

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हे आपण विसरू शकत नाही. पाखरे सारी कीड संपवितील, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पंप पाठीवर घेण्यापूर्वी एका ओळीतील अळ्या व थांब्यांवरील पाखरे मोजावीत. त्यांतील एक फवारणी जरी टळली, तरी पैसा वाचेल, पाखरे वाचतील आणि घरच्या माणसाच्या जिवाचा एक घोर कमी होईल. येत्या रब्बीत रोज सकाळी पंधरा मिनिटे या कामी द्यावीत, अशी आमची सर्व शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.