ऑर्किड तहानलेले की बुडालेले?

पावसाळ्यात कोकणातील आंब्या-फणसाची जुनी झाडे तुम्ही कधी निरखून पाहिली आहेत काय? त्यांच्या खोडांवर आणि फांद्यांच्या बेचक्यांत जाड पानांची काही रोपे घट्ट चिकटून बसलेली दिसतात. 'सीतेची वेणी' या नावाने ओळखले जाणारे ऑर्किड त्यांपैकीच एक. लोक त्याला खुशाल बांडगूळ म्हणतात, पण ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून त्याचा रस शोषते. हे ऑर्किड झाडाचा केवळ बसायला आधार घेते आणि आपले अन्न आपण तयार करते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस कोसळतो, ऑर्किडची मुळे दिवसच्या दिवस भिजत राहतात, तरीही ती कुजत नाहीत.

आता दुसरे दृश्य पाहा. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले फुललेले ऑर्किड खिडकीत ठेवलेले आहे. त्याला रोज न चुकता कपभर पाणी मिळते. काही महिन्यांत त्याची पाने सुरकुततात, कळ्या गळतात आणि रोप मान टाकते. चार महिन्यांच्या मुसळधार पावसाने जे होत नाही, ते कपभर पाण्याने कसे होते? या कोड्याचे उत्तर सापडले, की आजारी ऑर्किड वाचवण्याची किल्ली हाती आलीच म्हणून समजा.

मूळ आणि त्याचा कोट

बाजारात सर्वांत जास्त विकले जाणारे ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पतंगासारखे दिसणारे' असा होतो. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा कीटक, हे सांगायला नकोच. फॅलेनॉप्सिसच्या बहुतेक जाती दक्षिण आणि आग्नेय आशियातील उष्ण, दमट जंगलांत झाडांवर वाढतात. आपल्या खिडकीतले रोप संकरित असले, तरी त्याची मुळे झाडावर राहण्यासाठीच घडलेली असतात.

अशा मुळाभोवती पांढरट, स्पंजासारखा एक कोट असतो. त्याला व्हेलामेन म्हणतात. तो मृत, पोकळ पेशींच्या थरांचा बनलेला असतो. पाऊस पडताच हा कोट काही क्षणांत पाणी टिपून घेतो आणि मग ते सावकाश आतल्या जिवंत पेशींना मिळते. कोरड्या कोटात हवा भरलेली असल्याने मूळ चांदीसारखे दिसते. तोच कोट भिजला की पारदर्शक होतो आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते. म्हणून ओले मूळ हिरवे दिसते. रोप घरात असेल, तर कुंडीबाहेर आलेल्या एखाद्या चंदेरी मुळावर पाण्याचा थेंब टाकून हा बदल तुम्हाला स्वतः पाहता येईल.

मुळाच्या जिवंत पेशींना आपल्याप्रमाणेच श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. फांदीवरचे मूळ पावसात भिजते खरे, पण त्याच्या चारी बाजूंनी वारा खेळत असतो. कुंडीत दाबून भरलेल्या, सतत ओल्या मिश्रणात मात्र हवेची जागा पाणी घेते. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार सुमारे १०,००० पट सावकाश होतो. त्यामुळे मूळ गुदमरते, त्याच्या पेशी मरतात आणि मग बुरशी व जीवाणू त्यांचा फडशा पाडतात. कोड्याचे उत्तर हेच. ऑर्किडला पाणी मारत नाही, हवेचा अभाव मारतो.

यात एक चकवा आहे. मुळे कुजली की पाणी शोषायला कोणी उरत नाही, म्हणून पाने सुरकुततात. तहानलेल्या रोपाची पानेही तशीच दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, रोपाला पाणी कमी पडले. तो आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही मरतात. मायेपोटी केलेला हा उपाय रोपाचा जीव घेतो.

हा धडा मोठमोठ्या बागाइतदारांनाही सहज मिळाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये उष्ण देशांतून असंख्य ऑर्किडे नेली जात. तेथे त्यांना कोंदट, अतिशय तापवलेल्या काचघरांत बंद करून ठेवत आणि बहुतेक मरून जात. चॅट्सवर्थ येथील उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३० नंतरच्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांनी काचघरांत हवा खेळती ठेवली आणि ज्या प्रदेशातले रोप असेल त्याला मानवेल असे तापमान राखले. त्यांचा सहकारी जॉन गिब्सन याने आपल्या खासी टेकड्यांतून नेलेली ऑर्किडेही चॅट्सवर्थलाच पोचली होती.

नाडीपरीक्षा आणि उपचार

तुमच्याजवळ असे आजारी रोप असेल, तर पानांवरून निदान करू नका. रोप हलक्या हाताने कुंडीतून काढा, जुने मिश्रण झटका, मुळे धुऊन घ्या आणि प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबून पाहा. टणक लागले तर ते जिवंत. चपटे, पोकळ झाले असेल आणि साल ओढताच मधला दोरा तेवढा हातात राहत असेल, तर ते मेलेले. केवळ रंगावर विसंबू नका. कुंडीतील अंधारात वाढलेले मूळ पिवळट किंवा तपकिरी दिसले, तरी टणक असेल तर निरोगीच असते.

मेलेली मुळे कात्रीने कापून टाका. कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करा, कारण एका रोपाचे विषाणू हत्यारांमधून दुसऱ्या रोपात जातात. ज्योतीचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. रोपाचा गाभाही तपासा. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो काळा पडून मऊ झाला असेल, तर रोप बहुधा वाचत नाही. क्वचित बुंध्याजवळून नवा कोंब फुटतो.

नव्या मिश्रणात माती मुळीच नको. लाकडी कोळशाचे (दगडी नव्हे) आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे, पाइनच्या सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. सोडण आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवा, म्हणजे त्यातील क्षार निघून जातील. कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच, लहान आणि भरपूर भोके असलेली घ्या. मोठ्या कुंडीचा मधला भाग लवकर वाळत नाही. कापलेल्या जागा सुकाव्यात म्हणून पहिले तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

त्यानंतर कुंडीतली मुळे चंदेरी झाली की सकाळी भरपूर पाणी द्या आणि ते सगळे निथळू द्या. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका. पानांच्या गाभ्यात राहिलेले पाणी कापडाने टिपून घ्या.

एकही मूळ उरले नसेल तर? पानांतून पाणी उडत राहणार आणि भरपाई होणार नाही. अशा वेळी बाष्पोच्छ्वास कमी करणे एवढेच आपल्या हाती असते. किंचित ओलसर स्पॅग्नम शेवाळावर रोप ठेवून वर पारदर्शक पिशवी घाला. पिशवी उजेडात ठेवा, पण उन्हात नको, नाहीतर आतले रोप शिजेल. दर दोन-तीन दिवसांनी ती थोडा वेळ उघडा.

आजारी रोपावर फुलांचा दांडा असेल, तर तो कापून टाकणे जिवावर येते. तरीही कापा. फुले पोसायला लागणारे पाणी आणि साखर आता मुळांना हवी आहे. खताची घाईही नको. मुळेच नसतील तर खत घ्यायचे कोणी? नवी मुळे वाढू लागल्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या पावपट खत पुरे.

उजेडाची चाचणी सोपी आहे. दुपारी पानाच्या वर सुमारे ३० सेंटिमीटरवर हात धरा. पुसट सावली पडली तर उजेड योग्य. ठळक सावली म्हणजे ऊन जास्त, सावलीच नाही म्हणजे उजेड कमी.

वजनकाटा आणि वही

पाणी कधी द्यावे हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येईल. पाणी निथळल्यावर कुंडी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून वजन लिहा. मग रोज सकाळी त्याच वेळी वजन करा आणि मुळांचा रंगही नोंदवा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर वजन असा आलेख काढा. मुळे चंदेरी होतात तेव्हा वजन किती असते? मे महिन्यातला आलेख आणि जुलैमधला आलेख यांचा उतार सारखा आहे काय? 'दर अमुक दिवसांनी पाणी द्या' हा नियम का फसतो, ते या दोन रेषाच सांगतील. शिक्षकांना वर्गातही हा प्रयोग करून घेता येईल.

उतावीळ मात्र होऊ नका. फॅलेनॉप्सिसला वर्षात नवी पाने येतात ती जेमतेम दोन-तीन. सुरकुतलेली जुनी पाने कदाचित पूर्वीसारखी होणारही नाहीत, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. बुंध्याशी लक्ष ठेवा. तेथे हिरवे किंवा लालसर टोक असलेले नवे मूळ दिसले की तारीख वहीत लिहा. रोप सावरल्याची ती पहिली खूण. मग पुढच्या एखाद्या हिवाळ्यात, दिवसाचे तापमान काही आठवडे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली राहिले, तर फुलांचा दांडाही दिसेल. पण त्याची वाट पाहताना रोज पाणी घालण्याचा मोह आवरा आणि आधी मुळांचा रंग पाहा.