जीर्णोद्धाराची मर्यादा

जॉर्जियातील कुतायसी नगरीत, रिओनी नदीच्या काठच्या टेकडीवर बाग्राती हे प्राचीन चर्च उभे आहे. जॉर्जियाचे एकीकरण करणारा राजा तिसरा बाग्रात याने ते बांधविले. १००३ साली फरसबंदी झाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. १६९२ मध्ये तुर्की सैन्याने सुरुंग लावला आणि घुमट व छप्पर कोसळले. त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ त्या भग्न भिंती उघड्या आकाशाखाली उभ्या होत्या. १९९४ मध्ये युनेस्कोने जवळच्या गेलाती मठासह त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

पुढे सरकार व धर्मपीठ यांनी भग्नावशेष जपण्याऐवजी चर्च पुन्हा उभारण्याचे ठरविले. नवे खांब, नव्या कमानी आणि त्यांवर नवा घुमट चढला. काही भागांत पोलाद आणि काचही आली. युनेस्कोने २०१० मध्ये धोक्याचा इशारा दिला, तरी २०१२ मध्ये काम पुरे झाले. अखेर २०१७ मध्ये बाग्रातीला यादीतून वगळण्यात आले. गेलाती तेवढे राहिले.

या निर्णयाने जॉर्जियन मन दुखावले असल्यास नवल नाही. चर्च हे पदार्थसंग्रहालय नव्हे. सोव्हिएत राजवटीत ज्यांची श्रद्धा सात दशके दडपली गेली, त्यांना आपल्या आद्य राजाच्या चर्चवर पुन्हा घुमट पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. शत्रूने केलेला विध्वंस आम्ही कायमचा का मिरवावा, हा त्यांचा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

परंतु १९६४ च्या व्हेनिस सनदेने एक साधे तत्त्व सांगितले आहे: जेथे पुरावा संपतो आणि तर्क सुरू होतो, तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. जीर्णाचा उद्धार करणे वेगळे आणि जीर्णाच्या जागी नवे उभारणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा हक्क समाजाला असू शकेल. पण तिला पहिलीचे नाव देण्याचा हक्क नाही. भग्न भिंत जो इतिहास सांगते, तो नव्या दगडांखाली एकदा झाकला गेला की यादीतील फेरबदलाने परत येत नाही.

आणि खरी कसोटी तर गेलातीतच लागली. तेथे अलीकडे छपराची दुरुस्ती झाल्यानंतर पावसाचे पाणी आत झिरपले आणि मध्ययुगीन भित्तिचित्रांना इजा पोहोचली. घुमट उभारण्याचा सोहळा होतो, कौलांखालची ओल शोधण्याचा होत नाही. वारसा मात्र बहुधा या दुसऱ्या, कंटाळवाण्या कामावरच तगतो. गेलातीचे छप्पर नीट शाकारले गेले, तर बाग्रातीने दिलेला धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.