पॉमेल (मध्ययुगीन युरोपीय तलवार)

पॉमेल म्हणजे तलवारीच्या मुठीच्या टोकाला, पात्याच्या विरुद्ध बाजूस बसवलेला धातूचा गोळा किंवा गोळ्यासारखा भाग होय. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला असून त्याचे मूळ फळ या अर्थाच्या 'पोमम' या लॅटिन शब्दात आहे. साधारणतः इ.स. ९०० ते १५०० या काळात पश्चिम युरोपातील तलवारींच्या पॉमेलचे आकार बरेच बदलले. पाते गंजून गेलेले असले तरी जाड लोखंडाचा पॉमेल बहुधा ओळखू येतो. त्यामुळे त्याचा आकार हा तलवारीचा काळ ठरवण्याचा सर्वांत सोयीचा पुरावा मानला गेला. तो पुरावा एकट्याने मात्र पुरेसा ठरत नाही.

बांधणी आणि उपयोग

पात्याचा मागचा अरुंद भाग, म्हणजे शेपूट, आधी हाताचे रक्षण करणाऱ्या आडव्या दांडीतून, मग लाकडी मुठीतून आणि शेवटी पॉमेलच्या उभ्या छिद्रातून बाहेर काढला जाई. बाहेर आलेले टोक ठोकून फुलवले की हे सर्व भाग एकमेकांवर घट्ट बसत. अर्थात, मूठ सुटू न देणे हे पॉमेलचे पहिले काम होते. हात मागे घसरू न देणे हे दुसरे.

पॉमेल पात्याला 'प्रतिभार' देतो असे नेहमी सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. एका हाताने वापरायच्या तलवारीचे वजन साधारण एक ते दीड किलो असे आणि त्यातले काहीशे ग्रॅम पॉमेलचे असत. या वजनामुळे तलवारीचा तोल हाताच्या जवळ येतो. परंतु जड पॉमेल बसवल्याने पाते हलके होत नाही, उलट तलवारीचे एकूण वजन वाढते. तलवार हातात चपळ वाटते ती मुख्यतः पाते टोकाकडे किती पातळ होत जाते यावरून. पॉमेल त्या तोलाला शेवटची जुळवणी देतो.

लढाईत पॉमेलचा प्रहारासाठीही वापर होई. इटालियन शस्त्रगुरू फिओरे देई लिबेरी यांच्या १५व्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर पॉमेलने आघात करण्याची चित्रे आहेत. 'ग्लादियातोरिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन हस्तलिखितांत तर चिलखतधारी योद्धा पॉमेल फिरवून काढतो आणि शत्रूवर फेकतो. आटे असलेले असे पॉमेल त्या काळी अपवादानेच आढळतात.

वर्गीकरण

नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ यान पेटरसन यांनी १९१९ मध्ये वायकिंग तलवारींच्या मुठींचे सविस्तर वर्गीकरण प्रसिद्ध केले. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९२७ मध्ये त्याचे सात गटांत सुलभीकरण केले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. वायकिंग काळानंतरच्या तलवारींसाठी आज सर्वत्र वापरली जाते ती इंग्लंडचे अभ्यासक ईवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांची पद्धत. त्यांनी पात्यांना रोमन आकडे, आडव्या दांड्यांना साधे आकडे आणि पॉमेलना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली. तिन्ही मालिका स्वतंत्र ठेवल्या, कारण एकाच प्रकारच्या पात्यावर वेगवेगळे पॉमेल आढळतात. हा निर्णय वर्गीकरणाच्या तपशिलांपेक्षाही महत्त्वाचा म्हणावा लागेल.

वायकिंग मूठ ते 'ब्राझील नट'

वायकिंग तलवारींच्या मुठीचे वरचे टोक बहुधा दोन तुकड्यांचे असे. खाली एक सरळ आडवी पट्टी आणि तिच्यावर खिळ्यांनी जोडलेला, कधी त्रिकोणी, तर कधी तीन किंवा पाच उंचवट्यांचा मुकुट. शेपूट खालच्या पट्टीवरच ठोकलेले असे. १०व्या शतकात हे दोन तुकडे हळूहळू एक झाले आणि अर्धवर्तुळाकार, अखंड पॉमेल आला. त्याची खालची सरळ कड बाहेर फुगली तेव्हा दोन्हीकडून गोलाई असलेला लांबट आकार तयार झाला. यालाच 'ब्राझील नट' पॉमेल म्हणतात. ओकशॉट यांच्या पद्धतीत तो 'ए' प्रकार आहे.

हे नाव आधुनिक अभ्यासकांचे आहे. ब्राझील नट हे दक्षिण अमेरिकेतील झाडाचे बी असून ११व्या शतकातील युरोपीय योद्ध्याला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. आकाराचा फायदा मात्र खरा होता. जुन्या मुठीची सरळ कड तळहाताच्या मागच्या बाजूला टेकत असे, गोल कडेमुळे मनगट अधिक मोकळेपणाने फिरवता येते. पवित्र रोमन साम्राज्याची राज्याभिषेकाची तलवार व्हिएन्ना येथील राजकोशात असून तिचा पॉमेल याच कुळातला आहे. त्यावर चौथा ऑटो याची राजचिन्हे कोरलेली आहेत. ऑटो ११९८ मध्ये राजा झाला आणि १२१८ मध्ये मरण पावला. त्यामुळे ही मूठ त्या वीस वर्षांतली ठरते. हा आकार १३व्या शतकाच्या आरंभीही मानाचा होता, हे यावरून दिसते.

चकती आणि चाक

सपाट चकतीचा पॉमेल ('जी' प्रकार) १२व्या शतकापासून पुढे सर्वाधिक रूढ झाला. तिच्या कडा तासल्या की 'एच', मध्यभागी उठावाची लहान चकती राहिली की 'आय', तासलेल्या कडा खोलगट केल्या की 'जे'. उठावाच्या चकत्यांचे हे पॉमेल बाजूने पाहिल्यास आरा नसलेल्या, तुंबा पुढे आलेल्या चाकासारखे दिसतात. म्हणून त्यांना 'चाकी पॉमेल' असेही नाव आहे. फ्रान्समध्ये १३व्या शतकाच्या मध्यास चितारलेल्या, आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या सचित्र बायबलमधील युद्धप्रसंगांत गोल पॉमेल जागोजागी दिसतात.

चकतीच्या सपाट पृष्ठभागावर मीनाकारी, क्रूस किंवा कुलचिन्ह बसवता येई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ब्रिटनीचा ड्यूक पिएर द द्रू याच्या कुलचिन्हाचा असा एक पॉमेल आहे. नवव्या लुईच्या इजिप्तवरील धर्मयुद्धात तो कैद झाला होता आणि १२५० मध्ये मायदेशी परतताना वारला. त्याचा पॉमेल २०व्या शतकात दमास्कसमध्ये मिळाला. पाते नाही, दांडी नाही, तरी मालक आणि काळ दोन्ही कळतात. अशी खात्री देणारे पॉमेल फार थोडे आहेत.

उत्तर मध्ययुगातील आकार

१४व्या शतकात पत्र्यांचे चिलखत वाढले, तलवारींची टोके निमुळती झाली आणि मुठी लांबल्या. दोन्ही हातांनी तलवार धरताना मागचा हात पुष्कळदा पॉमेलवरच येई. चाकी पॉमेलची कड अशा वेळी तळहातात रुतते. पेरूच्या, अंजिराच्या किंवा अत्तराच्या कुपीच्या बुचासारखा निमुळता पॉमेल ('टी' प्रकार आणि त्याचे उपप्रकार) हातात सहज मावतो. तरीही चाकी पॉमेल मागे पडला नाही. तो १५व्या शतकातही लांब तलवारींवर दिसतो, त्यामुळे सोय हे एकच कारण धरून आकारांचा इतिहास लिहिता येत नाही. याच शतकात माशाच्या शेपटीसारखा 'व्ही' आणि व्हेनिसच्या परिसरातला चौकोनी 'झेड' हे प्रकार आले. चौकोनी प्रकारातूनच पुढे व्हेनिसच्या जाळीदार मुठीच्या तलवारींवरील 'मांजरमुखी' पॉमेल विकसित झाला, असे मानतात.

कालनिर्णयातील मर्यादा

सपाट चकती ही काही शतके बदलली नाही. तेवढ्यावरून एखादी तलवार अमुक दशकातली आहे असे सांगणे धाडसाचे ठरते. त्याउलट 'व्ही' किंवा 'झेड' प्रकार अल्पकाळ किंवा मर्यादित प्रदेशात वापरले गेले, म्हणून ते अधिक नेमके बोलतात. दुसरी अडचण दुरुस्तीची. शेपटाचे फुलवलेले टोक कापले की मूठ उतरवता येते. चांगले पाते वडिलांकडून मुलाकडे जाई आणि मूठ नव्या रिवाजाप्रमाणे बदलली जाई.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील 'जोयूझ' ही तलवार शार्लमेनची असल्याची परंपरा आहे. शार्लमेन ८१४ मध्ये वारला. तिचा पॉमेल १०व्या-११व्या शतकातला आणि आडवी दांडी १२व्या शतकातली मानली जाते. पुढे मुठीत १९व्या शतकातही फेरफार झाले. फ्रान्सच्या राज्याभिषेकांत शतकानुशतके वापरली गेलेली ही तलवार एका काळाची नाहीच. १९व्या शतकात संग्राहकांची मागणी वाढल्यावर जुने पाते, जुना पॉमेल आणि नवी दांडी जोडून विकलेल्या तलवारींनी हा गोंधळ आणखी वाढवला. म्हणून संग्रहालये पॉमेलच्या आकाराबरोबरच शेपटाची लांबी, ठोकलेल्या टोकाची अवस्था, पात्यावरील लेख आणि उत्खननाची जागा तपासतात. मालकाच्या मृत्यूचे वर्ष ठाऊक असलेल्या थडग्यातील तलवारींना आणि समाधीशिल्पांना या कामी विशेष मोल आहे.

भारतातील फिरंग तलवारींबाबत हाच प्रश्न उलट दिशेने येतो. युरोपातून आलेल्या पात्यांवरील मूळ मूठ काढून येथे भारतीय मूठ चढवली जाई. पॉमेलच्या जागी चकती आणि तिच्यातून मागे निघालेला दांडा असे, जो गरजेनुसार दुसऱ्या हाताने धरता येई. ही पाती मुख्यतः मध्ययुगानंतरची आहेत. त्यांचा मूळ पॉमेल नाहीसा झालेला असल्यामुळे पात्याचा आकार आणि त्यावरील कारागिरांच्या खुणा यांवरूनच त्यांचा काळ ठरवावा लागतो.