विनोदाची भाषिक घटना : एका वाक्याच्या आधारे

विनोद ऐकून मनुष्य का हसतो, या प्रश्नाचा विचार साहित्यशास्त्रज्ञांनी, तत्त्ववेत्त्यांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी वेळोवेळी केला आहे. मराठीत न. चिं. केळकर यांचा ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) हा ग्रंथ याच विषयास वाहिलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाने या चर्चेत भाग घ्यावयाचा, तर त्याने व्याख्येपासून प्रारंभ न करता प्रत्यक्ष वाक्यापासून करावा हे बरे. प्रस्तुत लेखात असे एकच वाक्य घेतले आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कौलारू घराची शाकारणी मृगापूर्वी होणे अगत्याचे असते. ज्याला तो खर्च झेपत नाही, त्याच्या घरात पाऊस येतो. अशा एखाद्या घरधन्यास श्रावणात पाहुण्याने विचारावे, ‘यंदा पाऊस कसा काय, तात्या?’ आणि त्याने चेहरा जराही न हलविता उत्तर द्यावे, ‘उत्तम हो! अंगणात जेवढा, तेवढाच माजघरात.’ पाहुणा हसतो. हा संवाद उदाहरणादाखल रचलेला आहे; परंतु बोलण्याची ही तिरकस तऱ्हा या भागात कोणासही अपरिचित वाटू नये. आता या वाक्यात काय बदलले असता हसू नाहीसे होते, ते क्रमाने पाहू.

प्रथम शब्द बदलू. ‘पाऊस पुष्कळ झाला आणि माझे छप्पर गळते,’ असे तात्या म्हणाले असते, तर माहिती तीच पोहोचली असती. पण कोणी हसले नसते. मूळ वाक्यात ‘छप्पर’ आणि ‘गळणे’ हे दोन्ही शब्द नाहीत. ते ऐकणाऱ्याने आपल्या मनातून पुरवावयाचे असतात. आपल्या साहित्यशास्त्रात यास व्यंजना म्हणतात. मात्र प्रत्येक व्यंजना हसविते असे नाही. करुण आणि शृंगार यांतही ती असतेच. येथे विशेष हा की, सूचित अर्थ उच्चारित अर्थाच्या विरुद्ध दिशेचा आहे. ‘उत्तम’ हा शब्द शेतीच्या दृष्टीने खरा आहे आणि घराच्या दृष्टीने उपरोधाचा. एकाच वाक्यात दोन परस्परविरोधी प्रसंगांचे आराखडे बसू शकणे हे विनोदाचे मूळ होय, असे प्रतिपादन व्हिक्टर रास्किन या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये केले, ते येथे लागू पडते.

आता क्रम बदलू. ‘माजघरात जेवढा, तेवढाच अंगणात,’ असे म्हटले की वाक्य पडते. ‘जेवढा’ हे सार्वनामिक विशेषण उच्चारले जाताच मराठी श्रोता ‘तेवढा’ची वाट पाहू लागतो, आणि अंगणाच्या जोडीला परस किंवा शेत येईल असे मनाशी धरतो. माजघर अगदी शेवटी येते आणि ती अपेक्षा मोडते. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरणे म्हणजे हास्य, असे कांटने १७९० मध्ये म्हटले होते. आपल्या उदाहरणात अपेक्षा शून्यात विरत नाही. ती दुसऱ्याच अर्थावर जाऊन आदळते. वाक्याच्या शेवटी ‘पडला’ हे क्रियापदही नाही, हे लक्षात घ्यावे. ते घातले तर वाक्य व्याकरणदृष्ट्या भरते, पण आघात शेवटच्या शब्दावरून ढळतो.

तिसरा बदल ऐकणाऱ्याचा. ज्या मुलाचे सारे आयुष्य शहरातील सदनिकेत गेले, त्याला माजघर म्हणजे घराचा अगदी आतला, मधला भाग हे सांगावे लागेल. सांगितल्यावर त्याला अर्थ कळेल. हसू येईलच असे नाही. कारण जी उडी त्याने स्वतः मारावयाची, ती आपण त्याच्या वतीने मारलेली असते. हसणे ही अर्थ कळल्याची पावती नसून, तो आपला आपण जोडल्याची पावती आहे.

चौथा बदल बोलणाऱ्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. हेच वाक्य पाहुण्याने म्हटले, ‘काय तात्या, अंगणात जेवढा, तेवढाच माजघरात वाटते?’ तर शब्द तेच, क्रम तोच, ऐकणाराही जाणता. तरी यजमानाच्या काळजाला ते लागेल. दुसऱ्याच्या उणेपणामुळे स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जी अकस्मात जाणीव होते तीच हास्यास कारण होते, हे हॉब्जचे सतराव्या शतकातील मत पाहुण्याच्या हसण्यास लावता येईल. तात्यांच्या विनोदास ते पुरत नाही. अभिनवगुप्तांनी हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले. मॅक्ग्रॉ आणि वॉरेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये त्यास एक अट जोडली : जे घडते ते विपरीत वाटले पाहिजे आणि त्याच क्षणी निरुपद्रवीही वाटले पाहिजे. गळक्या छपराचा धनीच बोलतो, म्हणून ऐकणाऱ्यास हसण्याची मुभा मिळते.

ही मुभा समाज काही वेळा ठरवूनही देतो. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या सुमारास नमन-खेळे होतात. त्यांतील काळ्या वेषातला संकासुर पाहताच माणसे हसू लागतात. विकृत वेष हा हास्याचा विभाव भरताने सांगितला आहेच. पण वेषाचे आणखी एक कार्य आहे. एरव्ही जे बोलले असता भांडण होईल, ते सोंगाच्या तोंडी चालते. रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या संशोधनात, मनुष्य एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो असे आढळले, आणि त्या हसण्यापैकी बरेचसे विनोदावाचूनच होते. म्हणजे हसणे हा मुळात माणसामाणसांतील व्यवहार आहे. विनोद हे त्याचे एक निमित्त.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील रत्नागिरीचे अंतू बर्वे वाचकांस ठाऊक आहेत. गावात वीज येते, तेव्हा आपले दारिद्र्य अंधारातच झाकलेले बरे अशा आशयाचे ते बोलतात. वाचक आधी हसतो आणि मागाहून गप्प होतो. आपल्या वाक्याचेही तसेच आहे. तात्यांनी छपराची तक्रार केली असती, तर पाहुण्यास हळहळ व्यक्त करावी लागली असती, कदाचित मदतही देऊ करावी लागली असती. विनोदाने त्यांनी दोघांचाही संकोच वाचविला. गळते हे सांगितले आणि कोणापुढे हात मात्र पसरला नाही.

यावरून बोलींचा संग्रह करणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. विनोदी वाक्ये टिपताना केवळ वाक्य टिपू नये. कोण बोलला, कोणास बोलला, त्यांचे नाते काय, आणि ज्या वस्तूवर वाक्य उभे आहे ती अद्याप वापरात आहे काय, हेही लिहून ठेवावे. माजघरे आणि शाकारणी कमी होत चालली आहेत. त्यांच्याबरोबर या शब्दांवर उभे असलेले हसूही जाईल. वाक्य वहीत राहील. पण तात्यांनी ते का म्हटले आणि पाहुणा का हसला, याची नोंद नसेल, तर पुढील वाचकास त्यात केवळ एका गळक्या घराची माहिती मिळेल.