सात रुपयांत दोन कळसूबाई

कंधारच्या मोंढ्यात हमालाच्या पाठीवर जाणारे सोयाबीनचे दोन कट्टे डोळ्यांपुढे आणा. पन्नास-पन्नास किलोचे, म्हणजे एक क्विंटल. हे वजन १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढवायचं. तिच्यावर आणखी एक कळसूबाई उभी आहे असं समजून तिच्याही माथ्यावर न्यायचं. एवढं करायला जी ऊर्जा लागेल ती विजेच्या एका युनिटात मावते, आणि वर थोडी उरतेसुद्धा. कंधारमधल्या साध्या घराला तेवढी ऊर्जा पहिल्या शंभर युनिटांत सात रुपयांच्या आसपास मिळते.

दिवसभर राबणारा धडधाकट माणूस आठ तासांत फार तर ०.६ युनिटाचं काम करतो. मोट ओढणारी बैलजोडी ढोबळमानाने एक अश्वशक्ती धरली, तर एका युनिटासाठी तिला न थांबता सुमारे एक तास वीस मिनिटं राबावं लागेल. आज विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार अशा पाच जोड्यांचं काम एकटी करते. आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर उपसलेलं पाणी डोळ्यांसमोर आणलं की वीज ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळतं. तरीही मे महिन्यातलं लाईट बिल हातात पडलं की घरातलं वातावरण बदलतं, आणि तेही खरंच आहे. महिन्याकाठी ठरलेल्या पैशांत घर चालवणाऱ्याला हे बिल जड जातं. म्हणूनच आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे एकदा मुळापासून पाहायला हवं.

सुरुवात परळीपासून करू. कंधारच्या सरळ पश्चिमेला, पाखराच्या वाटेने साधारण ७० किलोमीटरवर परळी वैजनाथचं औष्णिक वीजकेंद्र आहे. १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या छोट्या संचांनी सुरू झालेलं हे केंद्र. आज तिथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा केंद्रात एक युनिट तयार व्हायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. तो कोळसा चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला असो की तेलंगणातल्या गोदाकाठचा, त्याचं वय २५ कोटी वर्षांहून जास्त आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण आपल्याला अनादी वाटतो, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कोळसा त्याच्या जवळजवळ चौपट जुना. त्या काळातल्या दलदलीच्या जंगलांवर पडलेलं ऊन आज आपल्या पंख्यात फिरतं आहे.

आणि कोळशाइतकंच गरजेचं असतं पाणी. वाफ थंड करायला युनिटमागे तीन-साडेतीन लिटर. फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या भीषण दुष्काळात, परळीचं केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावं लागलं. तीन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच दुष्काळाच्या काळात परळीचे संचही पुन्हा थंडावले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. ऊर्जासुरक्षा म्हटलं की आपल्याला आखाती देशांतली जहाजं आठवतात. मराठवाड्यात तिची पहिली परीक्षा परळीला पाणी पुरवणाऱ्या माजलगावच्या धरणात झाली.

मग २०१३ मध्ये मराठवाडा अंधारात का बुडाला नाही? याचं उत्तर मला आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या आश्चर्यांपैकी एक वाटतं.

कंधारला पाणी साठवण्याची विद्या हजार वर्षांहून जुनी आहे. राष्ट्रकूटांच्या काळात इथे जगत्तुंग सागर बांधला गेला. पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवायची ती युक्ती होती. विजेला असा जगत्तुंग सागर नाही. तारांच्या जाळ्यात वीज पडून राहत नाही. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी कुठेतरी तेवढीच वीज तयार व्हावी लागते. आधी नाही, नंतरही नाही.

हे साधतं कसं? देशभर पसरलेल्या जाळ्यामुळे. दक्षिण सोडून उरलेला देश त्या दुष्काळाच्या आधीच एका जाळ्यात होता, म्हणून परळी बंद पडली तरी बाहेरची वीज मराठवाड्यात येत राहिली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते केरळ आणि कच्छ ते आसाम एकच जाळं आहे. त्यावरची सगळी जनित्रं एका ठेक्यात फिरतात. औष्णिक केंद्राचं जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं, सेकंदाला ५०. तोच तो ५० हर्ट्झ. परळीचा संच आणि हजारो किलोमीटर लांब आसामातला संच यांच्यात दांडा नाही, पट्टा नाही, तरी दोघांची चाल बांधलेली. देशात वापर वाढला की सगळी यंत्रं किंचित जड होतात आणि ठेका ५० च्या खाली घसरतो. वापर घटला की वर चढतो. कंधारच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली की तिचा भार, कितीही सूक्ष्म असला तरी, देशातल्या प्रत्येक फिरत्या जनित्रावर वाटला जातो. हे वाचून थोडं थांबा. खरोखर तसंच घडतं.

या ठेक्याची कसोटी आपण सगळ्यांनी मिळून घेतली आहे. ५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ. टाळेबंदीच्या दिवसांत पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत ३१,०८९ मेगावॉटने कोसळली, आणि दिवे लागताच तितक्याच झपाट्याने वर आली. औष्णिक संच असा हेलकावा सोसत नाहीत. बॉयलर एकदम विझवता आणि पेटवता येत नाही. ती रात्र निभावली पाण्याने. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी मिळून साडेसतरा हजार मेगावॉट उतरवले आणि दिवे लागताच उत्पादन पुन्हा चढवलं. आपली १,९६० मेगावॉटची कोयना याच जातीची, काही मिनिटांत पूर्ण जोर धरणारी. त्या सगळ्या गदारोळात ठेका ४९.७० च्या खाली गेला नाही आणि ५०.२६ च्या वर चढला नाही. दिवे लावून आपण घरात आलो, तेव्हा पडद्यांसमोर बसलेल्या अभियंत्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. हा ठेका हातातून सुटला तर काय होतं, ते ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताने पाहिलं होतं. सुमारे ६२ कोटी लोकांची वीज एकदम गेली होती.

आता लाईट बिल पुन्हा हातात घ्या. त्यावर वीज आकाराशिवाय स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, कधी इंधन समायोजन आकार असतो, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. यातला मोठा हिस्सा युनिटांचा नाही, तयारीचा आहे. तुम्ही बटण दाबाल या भरवशावर कोणीतरी संच गरम ठेवतो, कोणीतरी तार ताणून ठेवतो. तो खर्च तुम्ही वीज वापरली नाही तरी होतोच.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मी सतत ऐकतो. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग होतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. २०२४-२५ चे दर घ्या. पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, आणि दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार. शुल्क धरून शंभरावं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं आणि एकशे एकावं १३ रुपये २९ पैशांना. महाग होतं ते शंभरानंतरचं प्रत्येक युनिट. आधीची शंभर तशीच राहतात. आकडे दरवर्षी वरखाली होतात, पायऱ्या मात्र टिकून आहेत.

या पायऱ्यांमुळे छतावरच्या सौर पॅनेलचा हिशेब फार रंजक होतो. एक किलोवॉटचं पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिटं देतं, आणि ती तुमच्या बिलातली सगळ्यात महागडी युनिटं आधी खोडतं. महिन्याला २२० युनिटं जाळणाऱ्या घराचे त्या दरांनी जवळजवळ सोळाशे रुपये वाचतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. अशा घराला यापेक्षा चांगली गुंतवणूक मला तरी दिसत नाही. पण जे घर महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटांत भागवतं, ज्याच्या डोक्यावर पत्रे आहेत, त्याला हा फायदा निम्मासुद्धा होत नाही. दरवाढीचा चटका मात्र त्यालाच आधी बसतो. ही उणीव धोरण आखणाऱ्यांनी भरून काढायला हवी.

गुंतवणूकदारांसाठी महाराष्ट्राच्या आठवणीत एक मोठा धडा आहे, दाभोळचा. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरशी बांधलेला. तेल महागलं, रुपया घसरला, आणि वीज घेतली नाही तरी ठरलेले पैसे देणं राज्य वीज मंडळाला भाग होतं. २००१ मध्ये सगळं ठप्प झालं. कराराची चौकशी करायला माधव गोडबोले यांची समिती नेमावी लागली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर आयात कोळसा टनाला ४०० डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा तीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. ज्या विजेचं इंधन दर महिन्याला परदेशातून येतं, तिचा दर आपल्या हातात नसतो. सौर पॅनेलमधले सेलही बरेचसे चीनमधून येतात हे खरं, पण ते एकदा येतात. पुढची पंचवीस वर्षं ऊन कंधारचंच असतं.

आणि हे ऊन किती! आपल्या भागात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा पडते. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर रोज पंचेचाळीसच्या वर युनिटं. पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा पकडतं, तरी घर भागून उरतं.

या उन्हाने विजेच्या दराचा दिवसच उलटा केला आहे. वीज बाजारात २४ तासांचे ९६ तुकडे पाडतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो. उन्हाच्या दुपारी तो दोन रुपयांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. सूर्य मावळला, घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर सुरू झाले की तोच भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. एकच युनिट, सहा तासांच्या अंतराने पाचपट महाग. म्हणूनच २०२५ च्या जुलैपासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं, मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली.

या उलटापालटीचा सगळ्यात मोठा लाभ शिवारात होतो आहे. थ्री फेज लाईन आठवड्याआड रात्रीची, बॅटरी घेऊन साप-विंचवांत पाणी द्यायला जाणारा शेतकरी, आणि ऐन हंगामात जळालेला डीपी. मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी हे भोगलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, शेतीच्या फीडरजवळच सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची असं ठरलं; उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. योजनेत खासगी जमिनीला एकरी वर्षाला ५० हजार रुपये भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. २०२४-२५ मधला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि एकरी आठ क्विंटल उतारा धरला, तर खर्च वजा न करताही ते उत्पन्न चाळीस हजारांच्या आतच राहतं. पडीक, खडकाळ तुकड्यासाठी हे भाडं उत्तम आहे. काळ्या कसदार जमिनीवर मात्र पॅनेल लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली संध्याकाळ. दुपारचं फुकटासारखं ऊन रात्री आठपर्यंत कसं पुरवायचं, हाच आता विजेच्या दराचा खरा प्रश्न आहे. २००८ पासून चालू असलेलं घाटघरचं २५० मेगावॉटचं केंद्र स्वस्त वेळेत पाणी वरच्या धरणात चढवतं आणि गरजेच्या वेळी खाली सोडतं. सह्याद्रीला असा उतार आहे, मराठवाड्याला नाही. आपल्याला बॅटऱ्याच लागतील. देशातल्या निविदांमध्ये २०२२ साली मेगावॉटमागे महिन्याला अकरा लाखांच्या घरात असलेला त्यांचा दर २०२५ पर्यंत सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. पैसा गुंतवणाऱ्यांनी आणि दर ठरवणाऱ्यांनी नजर ठेवावी ती इथे.

तुमच्या हातातही काही आहे. या महिन्याच्या बिलाची मागची बाजू वाचा, मीटर टीओडी असेल तर पाण्याची मोटार, इस्त्री आणि धुण्याचं यंत्र ९ ते ५ मध्येच चालवा. आणि पुढच्या ग्रामसभेत हे दोन प्रश्न जरूर विचारा: आपल्या फीडरला सौर प्रकल्प कधी मिळणार, आणि त्याच्यासोबत बॅटरी असणार की नाही?