नाकाचं ऑपरेशन बिघडलं? दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी हे वाचा

स्थळ सुचवताना 'नाकीडोळी नीटस' हे शब्द आपल्याकडे आजही पहिल्या वाक्यात येतात. त्यात आता शहरातल्या क्लिनिकच्या जाहिराती मोबाइलवर थेट वाडी-वस्तीपर्यंत पोचल्यात. साठवलेले पैसे घालून, कधी घरी न सांगता, पोरं-पोरी नाक 'नीट' करून येतात. बऱ्याच जणांचं ठीक होतं. ज्यांचं बिघडतं त्यांची मात्र मोठी पंचाईत होते. घरी सांगता येत नाही आणि तोंड तर लपवता येत नाही. मग 'महिनाभरात दुसरं ऑपरेशन करून टाकू' अशी घाई सुरू होते. खरं नुकसान बऱ्याचदा या घाईतच होतं.

आधी बिघडतं म्हणजे काय होतं ते बघू. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असतो. खालचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं तसल्या मऊ, वळणाऱ्या हाडाचा. मधला पडदाही पुढच्या बाजूला कूर्चेचाच असतो आणि घराच्या मेढीसारखा तो सगळा भार पेलतो. नाक बारीक करायचं म्हणून यातलं जास्त कापलं गेलं की दांडा मधेच खचतो, खोगिरासारखा खड्डा पडतो. शेंडा चिमटल्यासारखा दिसतो. श्वास घेताना नाकपुडी आत ओढली जाते आणि रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं. दिसण्याची तक्रार सगळे सांगतात, श्वासाची कोणी सांगत नाही. 'सर्दी असेल' म्हणून सोडून देतात. घरी एक साधी गोष्ट करून बघा. नाकाशेजारी गालावर दोन बोटं ठेवून गाल हलकेच कानाकडे ओढा. तेवढ्यानं त्या बाजूचा श्वास मोकळा झाला, तर नाकातली वाट अरुंद झाली असण्याची शक्यता आहे. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

आता वाट बघण्याचं. दुसऱ्या ऑपरेशनसाठी साधारण १२ महिने थांबा, असं सर्जन सांगतात. ते काही टाळायला सांगत नसतात. ऑपरेशननंतर नाकाची सूज महिनोन् महिने राहते. शेंड्याची सगळ्यात उशिरा उतरते आणि कातडी जाड असेल तर त्याहून जास्त काळ लागतो. तिसऱ्या महिन्यात वाकडं वाटलेलं नाक कधी कधी दहाव्या महिन्यात बरंच सरळ दिसतं. आणि आतले व्रण कच्चे असताना पुन्हा कापलं, तर कातडीचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

पण काही बाबतीत एक दिवसही थांबायचं नाही. ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत दोन्ही नाकपुड्या गच्च बंद झाल्या, ठणका आणि ताप आला, तर पडद्यात रक्त किंवा पू साठलेला असू शकतो. तो वेळेत काढला नाही तर कूर्चा मरते आणि नाक बसतं. सिलिकॉनची पट्टी बसवलेली असेल आणि वरची कातडी लाल, पातळ, चकचकीत होऊ लागली, तर ती पट्टी बाहेर पडायच्या बेतात आहे असं समजा. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

दुसरं ऑपरेशन, म्हणजे रिव्हिजन ऱ्हायनोप्लास्टी, पहिल्यापेक्षा अवघड असतं. पहिल्यांदा काढण्याचं काम होतं. आता उभारायचं असतं आणि सामान आधीच वापरून संपलेलं असतं. पडद्याची कूर्चा शिल्लक असेल तर उत्तम. नसेल तर कानाच्या मागून घेतात. ती वाकडी असते, त्यामुळे छोट्या डागडुजीला पुरते. आख्खा दांडा उभा करायचा तर छातीच्या बरगडीची कूर्चा काढावी लागते. छातीवर छोटा व्रण राहतो, काही दिवस खोकताना दुखतं, बसवलेली पट्टी पुढे थोडी वाकण्याची शक्यता असते, आणि क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होते. नाकासाठी छाती का उघडायची, असं घरचे विचारतात. त्याचं कारण हे.

आणखी एक. मिश्री, तंबाखू, गुटखा, सिगारेट काहीही चालू असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दोनदा कापलेल्या कातडीला ते परवडत नाही. बाया मिश्रीचं सांगायला लाजतात, तिला व्यसनात धरतच नाहीत.

या सगळ्याला कंटाळून काही जण इंजेक्शनकडे वळतात. 'खड्डा फिलरनं भरून देतो, दहा मिनिटांचं काम.' एकदा ऑपरेशन झालेल्या नाकात हे जास्तच धोक्याचं असतं, कारण आतल्या रक्तवाहिन्यांची वाट बदललेली असते. औषध रक्तवाहिनीत गेलं तर नाकाची कातडी काळी पडून मरते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर कातडी पांढरी किंवा निळसर-जाळीदार झाली, जोरात दुखलं, दिसायला अंधुक झालं, तर तो तातडीचा प्रसंग आहे. हायलुरोनिक ॲसिडचा फिलर असेल तर तो विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन आहे. पार्लरमध्ये ते असेल अशी आशा ठेवू नका.

कातडीच गेली तर कपाळाची कातडी वळवून नाकावर आणतात. ही युक्ती आपल्याच भागातली. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षाहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं मेणाचा साचा करून, तो कपाळावर आखून त्याला नवं नाक लावलं. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज सर्जननं ती पद्धत तिकडे करून दाखवली. सुधारणा होत गेल्या, पण कपाळाचीच कातडी आजही वापरतात.

डॉक्टर कसा निवडायचा? पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं पुरेसं नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी., नाहीतर कान-नाक-घशाची एम.एस. आणि नाकाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव, हे विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. रिव्हिजनच्या किती केसेस केल्या हे विचारायला संकोच नको. चांगला डॉक्टर चिडत नाही. खासगीतला खर्च झेपणार नसेल तर पुण्याचं ससून, मुंबईचं के.ई.एम. आणि जे.जे., नागपूरचं मेडिकल इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. निव्वळ शोभेच्या ऑपरेशनला विमा मिळत नाही. श्वासाचा अडथळा मात्र तपासणीत लिहून आला असेल तर पॉलिसी काढून वाचा.

जाताना पहिल्या ऑपरेशनच्या आधीचे फोटो न्या, साखरपुड्याचा अल्बम असला तरी चालेल. पहिल्या ऑपरेशनची नोंद तर लागतेच: काय कापलं, काय बसवलं. ती मागण्याचा हक्क आहे. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांसाठी २००२ पासूनचा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलंय. नाक मनासारखं झालं नाही एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही, तो दाखवून द्यावा लागतो, आणि त्यालाही हेच कागद लागतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला मुदत दोन वर्षांची आहे. नाक बरं व्हायला थांबलेलं वर्ष त्या दोन वर्षांतून आपोआप वजा होत नाही. म्हणून ऑपरेशनसाठी थांबा, पण कागद आजच मागा.