मनोनिग्रह आणि दिलेला शब्द

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "पोरगं हुशार आहे हो, पण मनावर ताबा नाही." एवढे म्हटले की वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. ते मूल मात्र हा आपला जन्मजात दोष आहे असे मानू लागते आणि हळूहळू प्रयत्नच सोडते. म्हणून मनोनिग्रहाविषयी मानसशास्त्राने काय शोधून काढले आहे, हे विद्यार्थ्यांनी व विशेषतः पालकांनी माहीत करून घेणे अगत्याचे वाटते.

या विषयातला सर्वात गाजलेला प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा. मिशेल मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू कुटुंबातले. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हे कुटुंब परागंदा होऊन अमेरिकेत आले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी विद्यापीठाच्या आवारातील बिंग बालवाडीत हा प्रयोग सुरू केला. चार-पाच वर्षांचे मूल खोलीत एकटे बसवायचे. समोर खाऊ; कधी बिस्किट, कधी मार्शमॅलो नावाची साखरेची मऊ, पांढरी गोळी. मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त खाऊ मिळेल, थांबवत नसेल तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग थोडाच मिळेल, अशी साधी अट.

१९७० साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहण्यासारखे आहेत. खाऊ डोळ्यांसमोर ठेवला तेव्हा मुले सरासरी एक मिनिटभर थांबली. दृष्टीआड ठेवला तेव्हा अकरा मिनिटांहून अधिक! मुले त्याच बालवाडीतली, त्याच वयाची. बदलली होती ती फक्त खाऊची जागा. पुढच्या प्रयोगांत मुलांना सांगितले, की ही गोळी म्हणजे पांढरा ढग आहे अशी कल्पना करा. ती अधिक वेळ थांबली. तिची गोडी आठवा म्हटले, की लवकर हरली. काही मुलांनी तर आपणच युक्त्या काढल्या. कोणी डोळे झाकले, कोणी गाणे म्हटले, कोणी झोपायचा प्रयत्न केला. दातओठ खाऊन मोहाकडे टक लावून बसणारे मूल बहुधा टिकत नसे. आपण मात्र मुलांना नेमके तेच करायला सांगतो.

प्रयोगाची कीर्ती झाली ती वेगळ्याच कारणाने. जी मुले जास्त वेळ थांबली, त्यांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेत अधिक गुण मिळाले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. मग काय, चार वर्षांच्या वयातच भवितव्य कळते असा डांगोरा पिटला गेला. पण ही पाहणी मोजक्याच मुलांची, आणि मुलेही बहुतांशी विद्यापीठाच्या परिसरातल्या सुशिक्षित घरांतली. २०१८ साली वॉट्स, डंकन व क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांत आई फारशी न शिकलेली अशी मुले पुष्कळ होती. थांबणे आणि पुढचे गुण यांचा संबंध जेमतेम निम्मा उरला, आणि घरची मिळकत, आईचे शिक्षण, घरातले वातावरण हे सारे हिशेबात धरल्यावर तोही बराचसा विरला.

माझ्या मते सर्वात मोलाचा प्रयोग सेलेस्ट किड या संशोधिकेचा, रॉचेस्टर विद्यापीठातला. पूर्वी त्यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेविका म्हणून काम केले होते. तिथली मुले अशा वेळी काय करतील, हा प्रश्न त्यांना पडला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अठ्ठावीस मुले होती. आधी त्यांना जुने रंगखडू देऊन सांगितले, की थांबलात तर छान नवे साहित्य आणते. निम्म्या मुलांना ते खरोखर मिळाले. उरलेल्यांना "माफ करा, नाहीच आहे" असे उत्तर मिळाले. पुन्हा एकदा तसेच झाले. त्यानंतर समोर मार्शमॅलो ठेवला. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले ती तीन मिनिटे. पहिल्या चौदांपैकी नऊ जण शेवटपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या चौदांपैकी एकच.

ज्या घरात शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर हाती पडते, बापाची मजुरी "उद्या ये" म्हणून आठ-आठ दिवस लांबते, त्या घरातले मूल "आत्ता आहे ते घे" असे शिकले तर त्याला दुबळे का म्हणावे? तो अनुभवातून मांडलेला चोख हिशेब आहे.

इच्छाशक्ती वापरली की इंधनासारखी संपते, असाही एक सिद्धांत १९९८ पासून जोरात होता. २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा "आज मनाची ताकद संपली" ही सबब विद्यार्थ्यांनी जपून वापरावी.

आता आमच्या धंद्यातले एक उदाहरण. फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर एका बँकेने काही खातेदारांना वेगळे खाते देऊ केले. रक्कम किंवा तारीख खातेदाराने स्वतः ठरवायची आणि तोवर पैसे काढता यायचे नाहीत. व्याज एक पैसाही जास्त नाही. तरी सुमारे अठ्ठावीस टक्के लोकांनी ते आनंदाने घेतले. हे खाते ज्यांना देऊ केले, त्या सबंध गटाची शिल्लक वर्षभरात इतरांच्या मानाने सुमारे ऐंशी टक्क्यांनी अधिक वाढल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या बायाबापड्या भिशी लावतात, दारावर येणाऱ्याकडे रोजची पिग्मी भरतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. पैसा हाताशी राहिला तर खर्च होणार, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

विद्यार्थ्याला हेच मोबाइलच्या बाबतीत करता येते. तो बंद करून उशाशी ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत, आईच्या कपाटात ठेवावा. पण एकाच खोलीचे घर, त्यात टीव्ही चालू, तिथे खाऊ दृष्टीआड कसा करायचा? अशा मुलांसाठी विहारातील अभ्यासिका हाच मार्ग आहे. ती चालवणाऱ्यांना एकच विनंती. फलकावर पहाटे पाचची वेळ लिहिली असेल, तर पाचला किल्ली घेऊन कोणीतरी दारात उभे असावे.